डोंगर असा पडत नाही, बाय

माझ्या लॅपटॉपमध्ये 'कादंबरी फायनल' नावाचं एक फोल्डर आहे. त्याच्या आत 'फायनल २', 'फायनल खरंच' आणि 'नवीन सुरुवात' अशा तीन फाइल्स आहेत. तुमच्याकडेही असं एखादं फोल्डर असेल तर हा लेख तुमच्यासाठी. नसेल तर तुमच्या वर्गातल्या त्या शेवटच्या बाकावरच्या मुलासाठी किंवा मुलीसाठी, जे लेक्चर चालू असताना वहीच्या मागच्या पानावर न पाहिलेल्या देशांचे नकाशे काढत बसतात.

माझी कादंबरी फँटसी आहे. सेकंड इयरला सुरू केली. आर्वेनथोर नावाचं राज्य, बर्फाने झाकलेले डोंगर, दगडी बुरुज, खाणावळीच्या कोपऱ्यात बसून रहस्य सांगणारा टोपीवाला म्हातारा आणि आपण राजकन्या आहोत हे माहीत नसलेली एक मुलगी. आता खरं सांगते, मी बर्फ आजवर फक्त फ्रीजमध्ये आणि रसवंतीत पाहिलाय. मी मूळची वरंधची. महाडहून भोरकडे जाणारा जो वरंधा घाट आहे ना, त्याच्या पायथ्याचं गाव. आमच्याकडे आभाळातून पडतो तो पाऊस, आणि तो एकदा लागला की थांबायचं नाव घेत नाही.

गणपतीला घरी गेले होते. आजी ओटीवर मोड आलेले वाल सोलत बसली होती. म्हणाली, "एवढं काय गो बडवत असतेस त्याच्यावर? वाच की जरा मोठ्यानं." मग मी वाचलं. पहिला चॅप्टर झाल्यावर तिने विचारलं, "हे कुठलं गाव?" मी म्हटलं, "कुठलंच नाही, काल्पनिक आहे." "असू दे काल्पनिक. पण तिथं पाऊस कधी लागतो? लोक खातात काय? लाकूडफाटा कुठनं आणतात?" मला काहीच सांगता येईना. मी घाईघाईने माझ्या सगळ्यात आवडत्या चौथ्या चॅप्टरवर उडी मारली. त्यात माझी नायिका रागाने हात वर करते आणि अख्खा डोंगर शत्रूच्या गावावर कोसळतो. दोन पानांचं वर्णन आहे. हॉस्टेलमधल्या मैत्रिणी ते वाचून 'भारी' म्हणाल्या होत्या.

आजीचे हात थांबले. थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "डोंगर असा नाय पडत, बाय. आधी वहाळाचं पाणी गढूळ होतं. भिंतीला चीर जाते. झाडं वाकडी होतात." आणि पुन्हा वाल सोलायला लागली.

तुम्हाला आठवत असेल, २२ जुलै २०२१. महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. तळिये आमच्याच भागातलं गाव. मी तेव्हा बारावीच्या निकालाची वाट बघत होते. त्या दिवसांत आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं, एवढं मला पक्कं आठवतंय. आणि त्यानंतर दोनच वर्षांत मी, याच भागातली मुलगी, डोंगर पडण्याचा प्रसंग सिनेमातल्या इफेक्टसारखा लिहून मोकळी झाले होते. त्या पडलेल्या गावात कोण राहत होतं, हे माझ्या कादंबरीत एका ओळीतही नव्हतं.

त्या दुपारी जे कळलं ते मला तुमच्याशी बोलायचंय. फँटसी लिहिणाऱ्याला खऱ्या जगाची माहिती कमी असून चालत नाही. उलट, इतर कुठल्याही लेखकापेक्षा त्याला ती जास्त लागते. आणि ज्याला आपण 'इन्स्पिरेशन' म्हणतो, ते बहुतेक वेळा आपल्या ओटीवर वाल सोलत बसलेलं असतं. आपण मात्र हेडफोन लावून 'रायटिंग मूड' नावाची प्लेलिस्ट ऐकत त्याची वाट बघतो.

बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा

'तुम्हाला हे सगळं सुचतं कसं?' हा प्रश्न प्रत्येक लेखकाला विचारला जातो. मराठीत याचं सगळ्यात विलक्षण उत्तर ज्याच्या आयुष्यात आहे, तो लेखक आपल्यातल्या बहुतेकांना माहीतच नाही. मलाही नव्हता. इंटर्नशिपच्या कामासाठी जुन्या मराठी कादंबऱ्यांवर वाचत होते, तेव्हा नाव सापडलं : नाथमाधव. मूळ नाव द्वारकानाथ माधवराव पितळे. जन्म १८८२चा, मुंबईचा. कुलाब्याच्या तोफांच्या कारखान्यात नोकरी. शिकारीचा नाद.

१९०५ साली हा तरुण शिकारीसाठी सिंहगडावर गेला आणि कड्यावरून खाली कोसळला. जीव वाचला, पण कमरेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. वय बावीस-तेवीस. म्हणजे जवळपास माझंच. आमच्या शेजारच्या पोलादपूर तालुक्यात उमरठ आहे, तानाजी मालुसऱ्यांचं गाव. १६७० साली तानाजी सिंहगडावरच पडले, ही गोष्ट आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकतो. त्याच गडावरून पडलेल्या या दुसऱ्या माणसाबद्दल मात्र आम्हाला कोणी कधी सांगितलं नाही.

अंथरुणावर पडून नाथमाधवांनी वाचायला सुरुवात केली. मिळेल ते वाचलं. मग लिहायला लागले. १९०८ साली 'प्रेमवेडा' ही पहिली कादंबरी आली. १९१३ साली आली 'वीरधवल'. ही मराठीतली गाजलेली अद्भुतरम्य कादंबरी. आपण ज्याला फँटसी म्हणतो ना, त्यासाठी मराठीत केव्हापासून हा शब्द आहे : अद्भुतरम्य. पुढे १९२१पासून त्यांनी शिवकाळावरच्या 'स्वराज्य' कादंबऱ्या लिहिल्या. १९२८ साली ते गेले. अपघाताआधी साधारण तेवीस वर्षं, अपघातानंतर साधारण तेवीस वर्षं. लेखक म्हणून जे काही केलं, ते सगळं दुसऱ्या अर्ध्यात.

आता कृपा करून यातून व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड करायचा सुविचार काढू नका. कड्यावरून पडल्याने कोणी लेखक होत नाही. संकटातून प्रेरणा मिळते वगैरे म्हणणं सोपं असतं, कारण संकट दुसऱ्याचं असतं. मला या माणसाच्या आयुष्यात दिसतो तो कामाचा क्रम. आधी त्याने स्वतःच्या पायांनी रान आणि गड तुडवले होते. मग ढीगभर वाचलं. आणि मग वर्षानुवर्षं रोज लिहिलं. गड पुन्हा चढता येणार नाही हे माहीत असलेल्या माणसाने पुढे गडांच्या कादंबऱ्या लिहिल्या. मला वाटतं, जे पायाखालून गेलं होतं तेच त्याच्या कागदावर आलं. माझ्या पायाखालून बर्फ कधी गेलाच नव्हता, म्हणून माझ्या कागदावर तो थर्माकोलचा झाला.

आपलं साहित्य मुळातच अद्भुत होतं

घरचे म्हणतात, 'मराठीत कोण फँटसी वाचतं?' मीही हेच म्हणायचे. पण जुन्या यादीकडे नजर टाका. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ची, विधवांच्या दुःखावरची. ही मराठीतली पहिली कादंबरी मानतात. त्यानंतर चारच वर्षांत, १८६१ साली, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली आणि तिच्यापाठोपाठ अद्भुतरम्य कादंबऱ्यांची रांगच लागली. राजे, कारस्थानं, ताटातूट, योगायोग, चमत्कार. त्याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकर अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणत होते. म्हणजे मराठी कादंबरी बोलायला शिकली तीच मुळी अद्भुताच्या मांडीवर.

पुढे हरिभाऊ आपटे आले, वास्तवाची कादंबरी आली आणि ती यायलाच हवी होती. बायकांच्या केशवपनाबद्दल, बालविवाहाबद्दल कोणीतरी सरळ बोलणं गरजेचं होतं. पण त्यानंतर हळूहळू अद्भुताला आपण लहान मुलांच्या कपाटात ढकललं. आज दुकानात मराठी फँटसी मागितली की हातात येतं भाषांतर. मराठीतला 'हॅरी पॉटर' किंवा मुग्धा कर्णिक यांनी मराठीत आणलेला टॉल्किनचा 'स्वामी मुद्रिकांचा'. भाषांतरं हवीतच. पण त्यामुळे आपल्या डोक्यात एक घोटाळा होतो. जादू म्हणजे बर्फ, किल्ला म्हणजे टोकदार मनोरा, शहाणा माणूस म्हणजे टोपी आणि लांब दाढी. आमच्या आजीच्या डोक्यावर टोपी नव्हती, पदर होता, म्हणून मला तिच्यातलं शहाणपण ओळखू आलं नाही.

गंमत म्हणजे ज्या टॉल्किनची आपण नक्कल करतो, त्याने स्वतः कोणाची नक्कल केली? १९११ साली, एकोणीस वर्षांचा असताना, तो स्वित्झर्लंडच्या डोंगरांत पायी हिंडला होता. 'द हॉबिट'मधला डोंगर ओलांडण्याचा प्रवास त्या भटकंतीतून आला, हे त्यानेच लिहून ठेवलंय. भाषा बनवायचं वेड त्याला लहानपणापासून होतं आणि पुढे तो ऑक्सफर्डमध्ये भाषेचा प्राध्यापक झाला. 'हॉबिट'चं पहिलं वाक्य त्याने परीक्षेचे पेपर तपासताना एका कोऱ्या पानावर खरडलं. तुमच्या सरांना पेपर तपासायला उशीर होत असेल तर जरा समजून घ्या! पण ते पुस्तक छापून आलं १९३७ साली. त्याच वर्षी अखेरीस सुरू केलेली पुढची कादंबरी प्रसिद्ध व्हायला १९५४-५५ उजाडलं. मधल्या काळात हा माणूस काय करत होता? आज कथेत कुठली तिथी आहे, चंद्र किती उगवलाय, एका ठिकाणी पौर्णिमा आणि त्याच रात्री दुसऱ्या ठिकाणी अमावस्या तर झाली नाही ना, याचा ताळा जुळवत होता.

वाक्य एका क्षणात सुचलं. चंद्र जुळवायला वर्षं गेली. आपण त्या क्षणाचेच रील्स बनवतो.

उसनं घ्या, पण आपल्या मातीत लावा

इथे तुम्ही मला अडवाल. 'म्हणजे बाहेरचं काही घ्यायचंच नाही का? फक्त गाव, आजी आणि चूल?' अजिबात नाही. तसं म्हणणारी माणसं पटकन झेंडे हातात घेतात आणि गोष्ट राहून जाते.

'तुंबाड' आपण सगळ्यांनी पाहिलाय. २०१८ साली आला तेव्हा फार चालला नाही आणि सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा लागला तेव्हा आपल्याच वयाच्या पोरांनी थिएटरं भरली. त्याची गोष्ट कुठून आली बघा. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलंय की १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना नारायण धारप यांची एक कथा ऐकवली आणि ते हादरून गेले. नंतर मूळ कथा वाचली, तर ती त्यांना साधीच वाटली. म्हणजे भीती कथेत जेवढी होती त्यापेक्षा जास्त त्या रात्रीच्या सांगण्यात होती. धारपांची ती कथा 'आजी', आणि तिची मुळं स्टीफन किंग यांच्या एका कथेत. चित्रपटाचं नाव आलं श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून. आणि तुंबाड हे गाव खरोखरचं आहे, खेड तालुक्यात, जगबुडी नदीच्या काठी. पोलादपूरहून कशेडी घाट उतरलात की खेड तालुकाच लागतो.

अमेरिकेतली एक कथा पुण्याच्या लेखकाने मराठीत आणली, विदर्भातल्या जंगलात एका मित्राने ती तोंडी सांगितली, तिला कोकणातल्या गावाचं नाव मिळालं आणि शेवटी त्यातून हस्तर निघाला. तो कुठल्याही पुराणात नाही. तरी पाहताना वाटतं, हा आपल्याकडचाच. का? कारण त्याला भूक आहे, त्याच्यासाठी पिठाच्या बाहुल्या न्याव्या लागतात आणि बाहेर आपला पाऊस पडतोय. उसनं घेतलेलं बी आहे, पण पाणी इथलं आहे. माझ्या आर्वेनथोरमध्ये बी पण उसनं, माती पण उसनी आणि पाऊस तर नव्हताच.

आमच्या गावची 'मॅजिक सिस्टीम'

फँटसीचे चाहते एका गोष्टीवर तासन्‌तास भांडतात : मॅजिक सिस्टीम. म्हणजे जादूचे नियम काय, तिची किंमत काय, कोणाला चालते, कोणाला नाही. मी यावर इंग्रजीतले कितीतरी व्हिडिओ पाहिले. वह्या भरल्या. मग गणपतीत आजीच्या शेजारी बसले आणि पाच दिवसांत लक्षात आलं, आमच्याकडे हे सगळं आधीपासून ठरलेलं आहे.

चकवा लागला की माणूस रात्रभर एकाच शेतात गोल फिरतो आणि उजाडल्यावर बघतो तर घर हाकेच्या अंतरावर. गिऱ्हा पाण्याजवळचा. साती आसरा डोहातल्या, भर दुपारी पोरांनी डोहाकडे एकटं जायचं नाही. देवराईतली काडीसुद्धा घरी आणायची नाही, सरपणाला नाही, कुंपणाला नाही. घाटात वाघजाईपुढे हात जोडल्याशिवाय जुनी माणसं पुढे जात नाहीत. प्रत्येकाची जागा ठरलेली, वेळ ठरलेली आणि हद्द ठरलेली.

आता या नियमांच्या पोटात शिरून बघा. डोह खोल असतो आणि दुपारी मोठी माणसं शेतात असतात, म्हणून पोरांनी तिकडे जायचं नाही. देवराईतलं झाड तोडलं नाही तर खालचा झरा टिकतो. अंधारात अनोळखी रानात दिशा सुटते, तिला चकवा म्हटलं. कुणीतरी कधीतरी बुडालं, कुणीतरी हरवलं, कुठलातरी झरा आटला, आणि त्यातून नियम झाला. नियम लक्षात राहावा म्हणून त्याला चेहरा दिला. फँटसी लेखक याहून वेगळं काय करतो? भीतीला चेहरा देतो आणि चेहऱ्याला नियम देतो.

म्हणून मला नुसती नावं पेरणारी फँटसीही आवडत नाही. म्हणजे राज्य तेच आर्वेनथोरचं ठेवायचं आणि राक्षसाच्या जागी वेताळ आणून बसवायचा, तलवारीला दांडपट्टा म्हणायचं. मसाला बदलला, भाजी तीच. वेताळ घ्यायचा असेल तर तो अमावस्येलाच का फिरतो, त्याची वाट कोणी अडवायची नाही असं का सांगतात, हे आधी कोणालातरी विचारावं लागेल. आणि जे सांगू शकतात त्यांची वयं आता ऐंशीच्या पुढे आहेत. खरी घाई आहे ती इथे. पुस्तक उद्या लिहिता येईल. आजीला उद्या विचारता येईलच असं नाही.

यावर माझ्या एका मित्राचा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. तो म्हणाला, "म्हणजे तू अंधश्रद्धेला खतपाणी घालणार." ज्या महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, तिथे हा प्रश्न टाळून चालणार नाही. मी खूप विचार केला. मला दिसतो तो फरक असा. भोंदू बाबा तुम्हाला भूत दाखवतो, ते खरं आहे म्हणतो आणि मग पैसे मागतो. कादंबरीकार पहिल्याच पानावर कबूल करतो की हे खोटं आहे, आणि तरीही त्यातून तुम्हाला काहीतरी खरं कळेल अशी खटपट करतो. बाबाला तुमचा प्रश्न नको असतो. कादंबरी तुमच्या प्रश्नावरच जगते. डोहात आसरा आहेत म्हणून बुडालेल्या पोराला दवाखान्याऐवजी देवऋष्याकडे न्या, असं लिहिलं तर तो गुन्हाच. पण डोहातल्या आसरांना त्या बुडालेल्या पोराबद्दल काय वाटलं असेल, हे लिहिलं तर ती गोष्ट आहे. ही रेघ लेखकाला रोज स्वतः ओढावी लागते, आणि ती ओढायला गावही माहीत लागतं आणि विज्ञानही.

घळीतली शिस्त

वरंधच्या जवळच शिवथरघळ आहे. समोर धबधबा, मागे घळ. जुलैमध्ये आत उभं राहिलात तर शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. समर्थ रामदासांनी इथे दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. १९३० साली धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देव यांनी ही जागा पुन्हा शोधून काढली. आमच्या शाळेची सहल दरवर्षी तिथेच जायची. दुसरीकडे कुठे नेतच नसत, म्हणून आम्ही कंटाळायचो.

दासबोध काही अद्भुतरम्य पुस्तक नाही, हे मलाही कळतं. पण परवा पुन्हा गेले तेव्हा वेगळंच जाणवलं. अशा जागी बसल्यावर माणसाला काय काय सुचू शकतं! धुकं, पाण्याचा आवाज, काळा कातळ. आमच्यातला कोणी तिथे गेला तर स्टोरी टाकून परत येतो. आणि तिथे सांगितलं गेलेलं पुस्तक कसं आहे? वीस दशक, प्रत्येकात दहा समास, म्हणजे मोजून दोनशे. जागा अद्भुत, काम मात्र एखाद्या हिशेबाच्या वहीसारखं चोख. शिवाय एक जण सांगणारा आणि एक जण ऐकून उतरवणारा. माझ्या फोल्डरमध्ये फायनलच्या तीन फाइल्स आहेत आणि एकही कादंबरी पूर्ण नाही, याचं कारण मला त्या घळीत कळलं. माझ्याकडे वातावरण भरपूर होतं. दोनशेपर्यंत मोजायची तयारी नव्हती.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, एवढे कष्ट कशाला? एआयला सांग, दहा मिनिटांत राज्य, नकाशा, राजवंश आणि जादूचे नियम तयार. मी करून पाहिलंय, खोटं कशाला बोलू. नकाशा सुंदर आला. पण त्याने मला उलट विचारलं नाही की तिथं पाऊस कधी लागतो आणि लोक खातात काय. मी मागितलं ते त्याने दिलं. आजीने मी न मागितलेलं दिलं, आणि माझी कादंबरी वाचली ती त्याच्यामुळे. ज्याला जे हवं ते लगेच मिळतं, त्याच्या पानावर सगळ्यांच्या पानावरचंच येणार. वहाळाचं पाणी कधी गढूळ होतं हे ज्या पोरीला ठाऊक आहे, तिच्याच पानावर ते येईल.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. या सुट्टीत गावी गेलात तर लॅपटॉप थोडा वेळ मिटा. गाव नसेल तर चाळ असेल, सोसायटीमागचा नाला असेल, कारखान्याचा भोंगा असेल, स्टेशनबाहेरचं पिंपळाचं झाड असेल. तिथे कोण काय करायला घाबरतं ते विचारा. घाबरण्याच्या आधी काय घडलं होतं ते विचारा. मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण परवानगी घेऊन. नुसतं 'भुताची गोष्ट सांग' म्हणू नका, माणसं मग टीव्हीवरची सांगतात. 'तुम्हाला लहानपणी कुठे जाऊ देत नसत?' असं विचारा. मग बघा कसा अख्खा नकाशा उलगडतो. आणि त्यानंतर बसा. रोज. चंद्र जुळवत.

मी आर्वेनथोर डिलीट केलेलं नाही. आठवण म्हणून ठेवलंय. पण 'नवीन सुरुवात' या फाइलमध्ये आता खरंच नवी सुरुवात आहे. घाटाखालचं एक गाव आहे, त्याला अजून नाव दिलेलं नाही. त्यातल्या मुलीला डोंगर पाडता येत नाही. तिला तो आधी ऐकू येतो. पहिल्या पानावर ती पाणी भरायला वहाळावर जाते आणि घागर तशीच खाली ठेवते, कारण पाणी गढूळ आहे. तिला कळलंय. आता गावाला पटवायचंय, आणि ती सोळा वर्षांची आहे, तिचं कोण ऐकणार?

दिवाळीत हे पान आजीला वाचून दाखवलं. या वेळी तिने 'कुठलं गाव' असं विचारलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मग? ऐकलं का गावानं तिचं?"

मी म्हटलं, "अजून लिहायचंय गो आजी."

"मग लिही की," ती म्हणाली. "पाऊस लागायच्या आत लिही."